मशीनच सगळं करतं, मग लॅबच्या पदवीत चार वर्षं शिकायचं काय?

प्रश्न असा आलाय: 'मी गारगोटीजवळच्या गावात राहते. बारावी सायन्स झालं, पण नीटमध्ये एमबीबीएसएवढे मार्क पडले नाहीत. लॅब टेक्नॉलॉजीची पदवी करावी असं मनात आहे. मामा म्हणतात, त्यात काय, रक्त काढायचं आणि मशीनमध्ये घालायचं, डिप्लोमा बास झाला, चार वर्षं कशाला घालवतेस? पदवीत वेगळं काय शिकवतात? कॉलेज कसं निवडू? आणि पुढे गारगोटीत स्वतःची लॅब टाकता येईल का?'

तुझ्या मामांचं अर्धं बरोबर आहे. रक्त काढायला चार वर्षं लागत नाहीत. शिकवणारं माणूस बरं मिळालं तर दोन महिन्यांत हात बसतो. मशीनमध्ये बल्ब, म्हणजे रक्ताची छोटी नळी, ठेवायला दोन दिवस पुरतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या लॅबमध्ये मी २४ वर्षं काम करते आहे आणि एवढ्यावरच चाललेली माणसं पुष्कळ पाहिलीत. कष्टाळू असतात, सकाळी सातला हजर असतात. पण मशीनने खोटा आकडा दिला तर तो खोटा आहे हे त्यांना कळत नाही. चार वर्षं आणि फी तू मोजणार ती ते कळावं म्हणून.

उदाहरण माझंच देते. मी एका मोठ्या हॉस्पिटलात शिकाऊ होते. रात्रपाळीला वॉर्डातून सँपल आलं, पन्हाळ्याकडच्या एका आजोबांचं. पोटॅशियम आलं ८.९. ते असतं साडेतीन ते पाचच्या आसपास. साडेसहाच्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती, आणि इथे तर जवळजवळ नऊ. मी घाबरून वॉर्डात पळाले. आजोबा खाटेवर मांडी घालून कागदाच्या पुडीतलं भडंग खात होते. मला म्हणाले, "काय झालं पोरी, धापा का टाकतीस?"

परत आले तर आमच्या सीनियर बाईंनी एकच विचारलं, "कॅल्शियम बघितलंस का?" कॅल्शियम होतं ४.१. साडेआठ ते साडेदहाच्या जागी ४.१ असलेला माणूस हातपाय वाकडे होऊन पडलेला असेल, भडंग खात बसणार नाही. झालं असं होतं की वॉर्डातल्या कोणीतरी सिरिंजने रक्त काढून आधी जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये घातलं, तो जास्त भरला म्हणून त्यातलं थोडं लाल बुचाच्या बल्बमध्ये ओतलं. जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. म्हणजे पोटॅशियम बल्बमधूनच आलं होतं आणि कॅल्शियम बल्बनेच गिळलं होतं. अल्कलाइन फॉस्फटेजही अशा वेळी कमी येतं, कारण त्या एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियमही ईडीटीए धरून ठेवतं. मशीनची काही चूक नव्हती. दिलं ते त्याने बरोबर मोजलं. नवं सँपल काढलं, पोटॅशियम ४.३.

पोटॅशियम चढलंय, कॅल्शियम पडलंय आणि अल्कलाइन फॉस्फटेजही खाली आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं की बल्ब आठवला पाहिजे. डिप्लोमावाल्याला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या हाताखाली डिप्लोमा केलेला एक मुलगा आहे, त्याच्याइतकं स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, मलाही वाचता येत नाही. पण तो बारा वर्षं चुका करत आणि बोलणी खात शिकला. पदवीत त्यामागचं रसायन आधी शिकवतात आणि मग वॉर्डात सोडतात. निदान तसं करायचं असतं.

दुसरं उदाहरण तुझ्या भागातलं. तिकडे सकाळी उपाशीपोटी रक्त काढतात, सँपल एसटीने किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवरून कोल्हापूरला येतं. साध्या बल्बमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी आतली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेहाची सीमारेषा. रक्त काढताना १२६ असलेली साखर तीन तासांनी लॅबमध्ये १०५च्या आसपास दिसते. रिपोर्ट छान आला म्हणून माणूस पेढे वाटतो आणि पुढची चार वर्षं आत साखर वाढत राहते. करड्या बुचाच्या बल्बमध्ये फ्लोराइड असतं ते यासाठी. पण फ्लोराइडही लगेच आवर घालत नाही, पहिला तास-दीड तास साखर थोडी उतरतेच. म्हणून करडा बल्ब वापरला की साखर अगदी होती तेवढीच राहते, असं नसतं. पहिल्याच वर्षी बायोकेमिस्ट्रीत ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशी साखर कशी फोडतात ते, येतं तेव्हा मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात आणि सोडून देतात. तू ते राधानगरीच्या एसटीत ठेवलेल्या बल्बशी जोडून वाच, जन्मात विसरणार नाहीस.

आता अभ्यासक्रम. विद्यापीठागणिक नावं आणि क्रम बदलतो, गाभा तोच. आधी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्रीची ओळख. मग रक्तशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी. शेवटी क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, रक्तपेढी, टिश्यूचं काम, आणि त्यानंतर हॉस्पिटलात इंटर्नशिप. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) हा कोर्स तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असा आहे. टिश्यूचं काम, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप काढणं, मला कधी जमलं नाही. ज्यांना जमतं त्यांच्या हाताला देवाचा स्पर्श असतो म्हणायचं. मायक्रोबायोलॉजी आवडली तर कल्चरचं काम धर, त्यात घाई चालत नाही.

रक्तशास्त्रावर मात्र मी थांबणार, कारण मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात ती तिथेच. न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या जाड काचेवर, पांढऱ्या पेशी हाताने मोजायला लावतात. रक्त वीसपट पातळ करायचं, चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन मोजायचे, आलेल्या संख्येला ५०ने गुणायचं. ५०च का? चार चौकोन मिळून ४ चौरस मिलिमीटर, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे आकारमान ०.४ घनमिलिमीटर. वीस भागिले ०.४. एवढं समजलं की गुणक पाठ करावा लागत नाही. मुलं म्हणतात, सेल काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, मिनिटात काम करतो, हे कशाला?

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. पुण्याहून येणारा माल येईना. आमच्या सेल काउंटरचं डायल्युएंट, म्हणजे रक्त पातळ करायचं द्रावण, चौथ्या दिवशी संपलं. पुराचं पाणी तुडवून आलेले तापाचे पेशंट दारात होते. आम्ही कपाटातून न्यूबॉअर चेंबर काढले, ॲसेटिक ॲसिड आणि जेन्शियन व्हायोलेट घालून पांढऱ्या पेशी मोजायला लागणारं टर्क्स फ्लुइड लॅबमध्येच बनवलं आणि दोन दिवस हाताने काउंट केले. ज्यांनी कॉलेजात जर्नल दुसऱ्याचं उतरवलं होतं, त्यांना त्या दिवशी फोन उचलायच्या कामावर बसवलं.

पूर रोज येत नाही हे मान्य. पण डेंग्यू दर पावसाळ्यात येतो. प्लेटलेट ४२ हजार असा आकडा आला की घरचे गाडी काढून पुण्याला निघायच्या तयारीत. अशा वेळी स्लाइड बघायचीच. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि मशीन त्या पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. माणसाच्या अंगात त्या व्यवस्थित असतात. निळ्या बुचाच्या, म्हणजे सायट्रेटच्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं, आलेल्या आकड्याला १.१ने गुणायचं, कारण त्यात एक भाग सायट्रेट नऊ भाग रक्तात मिसळलेलं असतं. एका बाईंचे ४२ हजार अशा तऱ्हेने १ लाख ९० हजार झाले होते. स्लाइडवर अंदाजही बांधता येतो: मायक्रोस्कोपच्या तेलाच्या भिंगाखाली (ऑइल इमर्शन) एका फील्डमध्ये, म्हणजे एका नजरेत, दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५ ते २० हजार. हे करायचं तर लीशमन स्टेन, म्हणजे पेशींना द्यायचा रंग, नीट चढला पाहिजे, बफरचा पीएच ६.८च्या आसपास हवा आणि मिथेनॉलमध्ये पाणी शिरलेलं नको. स्टेन बिघडला की स्लाइडवर पेशींपेक्षा घाणच जास्त दिसते आणि पोरं तिलाच प्लेटलेट म्हणून मोजतात.

कोल्हापुरात काम करायचं तर दोन गोष्टी खास इथल्या.

पहिली पैलवान. तालमीतला पोरगा कुस्तीच्या मैदानाआधी अंगदुखी म्हणून दवाखान्यात जातो. रिपोर्टमध्ये लिव्हरची म्हणून ओळखली जाणारी एन्झाइमं वाढलेली: एसजीओटी १८०, एसजीपीटी ९०. घरचे म्हणतात कावीळ, कोणी झाडपाल्याचं औषधही आणतं. पण बिलिरुबिन नॉर्मल, लिव्हरचंच दुसरं एन्झाइम जीजीटी नॉर्मल. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंतही असतं, एसजीपीटीही थोडं असतं. हजार जोर-बैठका काढलेल्या अंगातून ते रक्तात उतरतं. सीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासलं तर हजारांत येतं. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण फॉर्मवर 'तालीम करतो' एवढे दोन शब्द लिहिणं आणि पॅथॉलॉजिस्टला फोन करणं हे आपलंच काम.

दुसरी तांबडा-पांढरा. रात्री अकराला मटणाचं ताट संपवून सकाळी सातला 'उपाशीपोटी' लिपिड प्रोफाइलला येणारी मंडळी. सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी खाली बसवल्यावर, वर राहणारं सीरम दुधासारखं पांढरं. अशा सँपलमध्ये एलडीएल सूत्राने काढलं तर फसगत होते. फ्रिडवाल्डचं सूत्र: एकूण कोलेस्टेरॉल, त्यातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. समज एकूण २४०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ५२०. एलडीएल येतं ९६. बघणारा खूश. पण ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं. एलडीएल थेट मोजायचं किंवा माणसाला बारा तास उपाशी ठेवून परत बोलवायचं. 'रात्री काय जेवलात?' हे मी आता सुई टोचण्याआधीच विचारते. लोक खोटं बोलतात, पण सीरम बोलत नाही.

रक्तगटाकडे येते. हा विषय मुलांना सोपा वाटतो: कार्डावर तीन थेंब, गुठळ्या दिसल्या की झालं. १९५२मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक दाखवून दिले ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटाच्या लोकांत असतं ते एच अँटिजेनही नाही. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. नुसत्या पेशी तपासल्या तर हा माणूस ओ दिसतो. पण त्याच्या सीरममध्ये एचच्या विरुद्ध अँटिबॉडी असते, ओ गटाचं रक्त दिलं तर ते फुटतं आणि जीव जाऊ शकतो. सापडतो कसा? रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे माणसाचं सीरम माहीत गटांच्या पेशींशी मिसळून बघतात त्यात, त्याचं सीरम ओ गटाच्या पेशींशीही गुठळ्या करतं. म्हणून रिव्हर्स ग्रुपिंग आणि त्यातल्या ओ पेशी कंटाळा आला तरी सोडायच्या नाहीत.

आणि क्वालिटी कंट्रोल. हा पेपर मुलं रट्टा मारून पास होतात आणि नोकरीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात. रोज सकाळी पेशंटच्या आधी कंट्रोल लावायचा, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सँपल. सरासरी १०० आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात ते माप) ३ असेल तर ९४ ते १०६ ही दोन एसडीची पट्टी. सगळं व्यवस्थित असलं तरी वीसातून एखादा दिवस आकडा पट्टीबाहेर पडतोच. तीन एसडीच्या बाहेर गेला किंवा ओळीने दोनदा एकाच बाजूला दोन एसडी ओलांडले, की थांबायचं. सलग दहा दिवस सगळे आकडे सरासरीच्या वर, तेही पट्टीच्या आतच, तरीसुद्धा काहीतरी सरकलेलं असतं. हे वेस्टगार्डचे नियम, १९८१चे. प्रत्यक्षात काय होतं सांगू? मी पूर्वी जिथे होते तिथे एक जण कंट्रोल 'बसेपर्यंत' परत परत लावायचा. चौथ्या वेळी बसला की तोच लिहायचा, आधीचे तीन फाडून टाकायचे. ग्राफ इतका सुंदर यायचा की बघतच राहावं. त्या काळातले क्रिएटिनिनचे रिपोर्ट आठवले की मला अजून कसंतरी होतं. सुंदर ग्राफ दिसला की संशय घे.

मामांच्या 'डिप्लोमा बास' या म्हणण्याला दुसरी बाजूही आहे, कागदाची. केंद्राचा २०२१चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा दोन पायऱ्या मांडतो: एकीत किमान २००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी, दुसरीत किमान ३६०० तासांची पदवी. त्याआधीच राज्यात परावैद्यक परिषदेचा २०११चा कायदा झाला होता. पुढे हा सगळा कारभार कडक होत जाणार, ढिला नाही. तेव्हा ज्या कॉलेजचा कोर्स विद्यापीठाचा नाही, नुसता 'संस्थेचा' आहे, तिथे पाय ठेवू नकोस. फ्लेक्सवर शंभर टक्के नोकरीची हमी लिहिलेली असेल तर पायरीवरूनच परत फिर. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर प्रवेशाआधीच 'प्रयोगशाळा तंत्रज्ञ' आणि 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी' या पदांच्या जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेची ओळ शब्द न् शब्द वाच. तुझ्या पदवीवर जे नाव छापलं जाणार आहे ते त्या ओळीत बसतं का, एवढंच बघायचं. शिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी. करून मग डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करणारीही पुष्कळ मुलं आहेत. तोही रस्ता वाईट नाही, विशेषतः अजून मन पक्कं नसेल तर.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस. विचार की हॉस्पिटल कोणतं जोडलेलं आहे आणि तिथे मुलांना सँपलला हात लावू देतात का. कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांना मोठी रुग्णालयं आहेत. सीपीआर या सरकारी रुग्णालयाची सकाळची ओपीडी एकदा नुसती उभी राहून बघ, म्हणजे सँपलचा ढीग म्हणजे काय ते कळेल. थोरला दवाखाना असं जुनी माणसं उगाच म्हणत नाहीत. एका मायक्रोस्कोपमागे किती मुलं, तेही विचार. शेवटच्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचार, "तू स्वतः किती स्मिअर केलेस?" ती हसली तर समजून जा.

मराठी माध्यमातून आलीस तर पहिले सहा महिने पुस्तकातलं इंग्रजी अंगावर येतं. मलाही आलं होतं. मी एका वहीत रोज पाच शब्द मराठीत समजावून लिहायचे आणि पेशींची चित्रं रंगीत पेन्सिलींनी काढायचे. न्यूट्रोफिलचं केंद्रक कसं खंडाखंडांचं, मोनोसाइटचं कसं राजम्याच्या दाण्यासारखं. ती वही अजून आहे माझ्याकडे, तोंडी परीक्षेला तीच कामाला आली.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवातीला खाजगी लॅबमध्ये खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भागेल, फार उरणार नाही. रात्रपाळी असते, दिवाळीतही असते.

गारगोटीतल्या लॅबचं. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबर २०१७ला सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच हवी. नंतर नियमांत फेरफार होत आलेत, पण लॅब टेक्नॉलॉजीच्या पदवीवर आपण एकटीने रिपोर्ट सही करून देऊ असं धरून चालू नकोस. पॅथॉलॉजिस्ट सोबत असतील, खरोखर येऊन बघत असतील, तर लॅब टाक. नाहीतर चांगल्या लॅबचं कलेक्शन सेंटर चालव. सकाळी काढलेलं सँपल तिथेच सेंट्रिफ्यूज करून, सीरम वेगळं करून, थंड डब्यात पाठवलंस तर तुझ्या तालुक्यात तेवढं करणारी तू थोड्यांतली एक असशील. सही भाड्याने देणारे डॉक्टर भेटतील, आधीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवणारे. एका ठिकाणी मी तसा गठ्ठा बघितला आणि महिनाअखेरीस नोकरी सोडली.

प्रवेश ठरला की एक गोष्ट लगेच कर. हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत असते: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. लस न घेतलेल्या माणसाला वापरलेली सुई टोचली आणि पेशंट हिपॅटायटिस बीचा असला, तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीत ती ०.३ टक्क्याच्या आसपास असते, आणि मुलं घाबरतात फक्त एचआयव्हीला. कॉलेज लस देईल म्हणून थांबू नकोस, काही देतात, काही विसरतात. पहिला डोस या आठवड्यात गारगोटीतच घे. तारीख लिहून ठेव, तिसऱ्या डोसानंतर दीड-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस अंगी लागली का ते, तपासायला माझ्याकडे ये. रक्त मी काढीन, करड्या आणि जांभळ्या बुचाचे बल्ब समोर ठेवीन आणि यातला कोणता चालेल ते विचारीन. लाल हवा म्हणालीस की पुढचं बोलू.